चौथी बाजू तुटक होती

आमच्या कारखान्यात कागदावरची सलग रेघ म्हणजे तिथे पत्रा कापायचा, आणि तुटक रेघ म्हणजे तिथे वाकवायचा. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळतं, म्हणून आधी तेच सांगते.

पिरंगुटाकडून घोटावड्याला येताना तो कारखाना लागायचा. आता तिथे काय आहे मला विचारू नका, बसमधून जाताना मी त्या बाजूला बघत नाही. पत्र्याच्या दोन शेडा होत्या आणि मागे भाताची खाचरं. त्यातली काही खाचरं आमच्या सासऱ्यांची, ती कारखान्याच्या जागेत गेली. जमीन देताना सासऱ्यांनी अट घातली होती की घरातल्या एका माणसाला काम द्यायचं. त्यांच्या डोळ्यासमोर माझे दीर होते. दीर म्हणाले, मला न्हाई त्या आवाजात बसायचं. नवऱ्याची पौडला शाळेत शिपायाची नोकरी होती. मग सासरेच म्हणाले, सूनबाईला चित्रं काढता येत्यात, तिला लावा.

चित्रं म्हणजे काय, तर ट्रेसिंग, नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं उतरवायचा. माझा भाऊ आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिकायचा आणि घरी दिलेल्या शीटा माझ्यापुढे टाकून नदीवर पोहायला जायचा. त्या शीटा मी काढायचे. पेन कसं धरायचं, शाई किती भरायची, रेघ सुरू करताना आणि संपवताना हात कसा हलका ठेवायचा, हे कुणी शिकवलं नाही, चुकून चुकून आलं. भाऊ नापास झाला. माझी शाळा सातवीत सुटली होती, पण माझ्या रेघेला कधी कुणी नाव ठेवलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे ज्यावर डाग लागला ते हेच होतं, म्हणून सांगतेय.

कारखान्यात मी किती वर्षं रोजंदारीवर होते, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. ‘पुढच्या वर्षी कायम करू’ हे मालक दर दिवाळीला म्हणायचे. मग ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कंप्युटर आला, आणि त्याच्याबरोबर पुण्याहून एक इंजिनियर आला. कोवळाच होता, स्कूटरवरून यायचा, येताना हेल्मेटात डबा ठेवून आणायचा. कंप्युटरसाठी खोलीला थंड हवेचं मशीन लावलं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमच्या देवळातसुद्धा इतकं कडक नव्हतं.

कंप्युटरच्या शेजारी प्लॉटर होता. त्याला मी पहिल्या दिवशी पाहिलं आणि खरं सांगते, मला तो आवडला. कागद मागेपुढे सरकायचा, पेन डावीउजवीकडे पळायचं, मध्येच उचललं जायचं, परत टेकायचं. माझ्यासारखाच काम करायचा, फक्त चहा घ्यायचा नाही. कंप्युटरमध्ये चित्र नसतंच, हे मला इंजिनियरनंच सांगितलं. आत नुसती माहिती असते, या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत रेघ मार, इथे गोल काढ. ती माहिती वाचून पडदा त्याच्या परीनं चित्र दाखवतो आणि प्लॉटर त्याच्या परीनं काढतो. हे त्यानं चांगलं समजावलं होतं. दुसऱ्याला समजावलेलं स्वतःच्या उपयोगाला येत नाही, असं काही माणसांचं असतं.

कीबोर्डला हात फक्त तो लावणार. मी कागद लावायचा, पेनं धुवायची, शाई भरायची, आणि प्लॉटरची रेघ जिथे अर्ध्यात वाळून फिकी पडेल तिथे माझ्या पेनानं गिरवायची. पेनं वाळायचीच. एक फिल्म, म्हणजे चित्र काढायचा महागडा पारदर्शक कागद, फुकट घालवण्यापेक्षा बाईंनी हात फिरवला की झालं. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती. मीच एकदा कौतुकानं केलं आणि मग ते माझं कामच होऊन बसलं.

आता ते झाकण. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मोटारीवर बसवायची पत्र्याची झाकणं हवी होती. त्यांच्याकडेही कंप्युटर होता, म्हणून त्यांनी कागद न पाठवता फ्लॉपी पाठवली. झाकणाच्या मधोमध एक जीभ होती. म्हणजे कसं, चौकोनाच्या तीन बाजू कापायच्या आणि चौथी बाजू वाकवायची, म्हणजे ती जीभ आत वळते आणि तिच्यावर एक पट्टी बसते. तीन बाजू सलग, चौथी तुटक. इंजिनियरनं चित्र काढायला लावलं, मी फिल्म लावली, पेन लावलं, फिल्म निघाली. वरच्या कोपऱ्यात चौकटीची रेघ फिकी आली होती ती मी गिरवली. मग अमोनियाच्या मशीनवर फिल्मची प्रिंट काढून ती शेडमध्ये पाठवली.

शेडमध्ये चाचा होते. पौडचे, पत्र्याच्या कामात केस पांढरे झालेले, सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा, मालकसुद्धा. चाचांनी प्रिंट बघितली आणि झाकणं कापली. सगळी. प्रत्येक झाकणाच्या मधोमध चौकोनी खिडकी, आणि जिभा खाली भंगाराच्या डब्यात.

गिऱ्हाइकाचा माणूस माल बघायला आला आणि हसायलाच लागला. म्हणाला, ‘याच्यातून कोण बाहेर डोकावणार आहे?’ मग त्यानं पिशवीतून त्यांच्याकडची प्रिंट काढली. मोठी, आमच्याहून दुप्पट मोठी. तीन बाजू सलग, चौथी बारीक तुटक. आमची प्रिंट शेजारी ठेवली. चारी बाजू सलग.

मालकांनी इंजिनियरला बोलावलं. इंजिनियरनं फ्लॉपी घातली, पडद्यावर जीभ मोठी करून दाखवली. चौथी बाजू तुटक. ‘बघा साहेब, फाइल बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘मशीन फाइलप्रमाणेच काढतं. मग रेघ जोडली कुणी?’ आणि माझ्याकडे बघून, ‘बाईंना गिरवायची सवय आहे.’

मी म्हटलं, ‘मी फक्त चौकट गिरवली.’

‘सवयीनं हात फिरला असेल. तुमच्या लक्षात नसेल.’

हे ‘लक्षात नसेल’ मला सगळ्यात झोंबलं. चूक केली म्हणाला असता तर भांडले असते. हा म्हणतो, तुमचा हात काय करतो ते तुम्हालाच माहीत नसतं. चाचा तिथेच उभे होते, तेही चिडलेले, कारण पत्रा त्यांच्या हातानं कापला गेला होता. ते म्हणाले, ‘सूनबाई, म्या कागदाला मानलं. कागदानं सांगितलं काप, म्या कापलं. मागं एकदा म्या आपल्या डोक्यानं एक भोक हलवलं, तवा हेच इंजिनियर साहेब म्हणलं होतं, चाचा डोकं चालवू नका, कागद चालवा. आता कागदच तुमी बिघडवला तर म्या काय करू?’

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या खिडकीशेजारच्या बोर्डावर मेमो लागला. इंग्रजीत. माझं नाव मला वाचता येत होतं, बाकीचं क्लार्कनं वाचून सांगितलं. निष्काळजीपणा, परवानगी नसताना ड्रॉइंगमध्ये फेरफार, आणि या कारणानं कायम करण्याचा विचार तूर्त थांबवण्यात येत आहे. म्हणजे त्या दिवाळीला खरंच कायम करणार होते की नव्हते देव जाणे, पण न देण्याला आता कारण मिळालं. सही करा म्हणाले. मी केली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी मोडत होता. म्हणाला, ‘सही करून टाक की. सही न करून काय व्हनार? दोन वर्सांनी इसरत्यात लोक.’

‘मी न केलेल्यावर सही करू?’

‘मग केलंस का न्हाई केलंस, ते तरी तुला पक्कं ठाव हाय का?’

त्यालासुद्धा वाटत होतं, की मीच केलं. मी ताट तिथेच ठेवून उठले. माझ्या माणसांच्या जमिनीवर बसून मला म्हणतायत, की हिला आपला हात कुठे फिरला ते कळत नाही. आणि माझा माणूस म्हणतो, बघ बाई, खरंच नाही ना कळत. त्याच्यावर मी इतकी चिडले होते की पुढचे चार दिवस त्याच्याशी फक्त मीठ आणि पाणी एवढ्याच विषयावर बोलले.

पण त्याच्या प्रश्नानं एक झालं. मला पक्कं ठाऊक करून घ्यायचं होतं. माझ्यासाठी, मग इतरांसाठी.

मूळ फिल्म कपाटात होती. मी ती काढून जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये चाचांकडे नेली. त्यांच्याकडे व्हर्नियरच्या मापपट्टीवरच्या बारीक रेघा वाचायचं एक भिंग होतं, त्यांच्या तंबाखूच्या डबीत असायचं. मी म्हटलं, ‘चाचा, शिव्या नंतर द्या, आधी हे बघा.’

त्यांनी आधी चौकटीची रेघ बघितली, मी गिरवलेली. मग जिभेची चौथी बाजू. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं.

माझी रेघ भिंगातून दोरीसारखी दिसत होती, सुरुवातीला जरा जाड, मग सारखी. चौथी बाजू तशी नव्हती. ती मण्यांच्या माळेसारखी होती. थोडी रेघ, मग गाठ, थोडी रेघ, मग गाठ, सगळी सारख्या अंतरावर. माणसाच्या हाताला इतकं सारखं अंतर राखणं शक्य नाही. पेन तिथे उचललं गेलं होतं, परत टेकलं होतं. म्हणजे मशीननं रेघ तुटकच काढली होती. मधल्या फटी शाईनं भरल्या होत्या.

चाचा म्हणाले, ‘हे तुमच्या हाताचं न्हाई.’

‘न्हाईच,’ मी म्हटलं. माझीही बोली तिथे घरची झाली.

‘मग त्यांच्याकडं तीच रेघ तुटक कशी आली?’

तिथे मला त्यांची मोठी प्रिंट आठवली. दुप्पट मोठी. त्यांचा प्लॉटर मोठा, आमचा लहान, म्हणून इंजिनियरनं चित्र निम्म्यावर आणून काढलं होतं. मापं आकड्यांत लिहिलेली असतात, त्यामुळे चित्र लहान असलं तरी कापायला अडत नाही. चित्र निम्मं झालं, रेघा निम्म्या झाल्या, तुकड्यांमधल्या फटी निम्म्या झाल्या. पण पेनाचं टोक काही निम्मं होत नाही. बारीक फटीत जाड टोकाचं पेन दोन्ही बाजूंनी येऊन टेकलं की शाईला शाई भिडते.

आणि पेन जाड होतं. हे मला त्याच क्षणी आठवलं, आणि ते पेन मी लावलं होतं. त्या दिवशी बारीक पेन वाळून बसलं होतं. मी म्हटलं होतं, धुऊन आणते. इंजिनियर म्हणाला होता, ‘राहू द्या, जाडवालं लावा, काय फरक पडतो.’ आणि मी लावलं होतं. हात माझाच होता. हे मी चाचांपासून लपवलं नाही, इथेही लपवत नाही. पण लावलेलं पेन आणि जोडलेली रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोर्डावर दुसरी लिहिली होती.

भिंगातले मणी मालकांना दाखवून ते मानतील असं मला वाटलं नाही. त्यांच्यासमोर तेच चित्र परत काढून दाखवायला हवं होतं. मी इंजिनियरला सरळ विचारलं, की परत एकदा काढू या का, जाड पेनानं आणि बारीक पेनानं.

‘फिल्म काय झाडाला लागते?’ तो म्हणाला.

‘रद्दी ट्रेसिंगच्या पाठीवर काढू.’

‘बाई, तुम्हाला जमिनीमुळे खुर्ची मिळालीय. तिच्यावर बसा. मशीनचं मला बघू द्या.’

सासरे त्या खाचरांत वाकून वाकून म्हातारे झाले होते, आणि हा त्या खाचरांवर स्कूटर लावून मला खुर्ची दाखवत होता.

तो गुरुवारी गिऱ्हाइकाकडे पुण्याला गेला. गुरुवारी दुपारी मी चपला बाहेर काढल्या आणि त्याच्या खुर्चीत बसले. चाचांना मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीला. ते दारात अडखळले, त्यांचे बूट काढायला वेळ लागायचा. म्हणाले, ‘नोकरी जाईल बरं सूनबाई.’ मी म्हटलं, ‘ती तशीही चाललीय.’

वर्षभर त्याच्या मागे उभी राहून कुठल्या बटणानंतर कुठलं बटण, ते मी वहीत उतरवून ठेवलं होतं. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत. त्याला वाटायचं, बाई पेनांचा हिशेब लिहितेय. तरी दोनदा चुकले. एकदा पेन हवेतच फिरून आलं, कागदावर काहीच नाही, आणि चाचा म्हणाले, ‘हे बेस हाय, ह्यात चूक काढायलाच काय न्हाई.’ मला त्या रागातही हसू आलं.

पडद्यावर एक गंमत दिसली. अख्खं झाकण पडद्यावर असलं की चौथी बाजू सलग दिसायची. जीभ मोठी केली की तुटक. म्हणजे पडदासुद्धा लांबून एक सांगत होता आणि जवळून दुसरं, आणि इंजिनियरनं मालकांना फक्त जवळचं दाखवलं होतं.

मग तीन कागद काढले. पहिला निम्म्या मापात, जाड पेनानं. चौथी बाजू सलग. दुसरा निम्म्या मापात, धुतलेल्या बारीक पेनानं. तुटक, बारीक पण तुटक. तिसरा पुऱ्या मापात, जाड पेनानं, फक्त जिभेपुरता भाग. तुटक, एकदम ठळक. फ्लॉपी एकच. मध्ये माझं पेन कागदाला टेकलं नव्हतं, आणि टेकलं नाही हे बघायला चाचा पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत उभे होते. मी तिन्ही कागदांखाली कुठलं माप, कुठलं पेन ते लिहिलं, आणि चाचांनी सही केली.

शुक्रवारी ते कागद मालकांच्या टेबलावर ठेवले. इंजिनियर तिथेच होता. तो कागदांकडे बघण्याआधी म्हणाला, ‘तुम्ही कीबोर्डला हात लावलात?’

‘लावला,’ मी म्हटलं. ‘आता हे बघा.’

त्यानं बघितलं. त्याला कळलं, लगेच कळलं, तो मूर्ख नव्हता. त्याचे कान लाल झाले. आणि तो मालकांना म्हणाला, ‘लाइनटाइपचा स्केल, म्हणजे तुटक रेघेतल्या फटींचं माप, तपासायला हवं होतं. टेक्निकल गोष्ट आहे.’

बघा. मी केलं असतं तर निष्काळजीपणा. त्याच्याकडून झालं तर टेक्निकल गोष्ट.

मालकांनी तिन्ही कागद एकमेकांवर नीट जुळवून ठेवले. म्हणाले, ‘बरं झालं, कारण सापडलं. पुढच्या वेळेपासून पेन बघून लावत जा.’

‘आणि मेमो?’

‘अहो बाई, झालं गेलं. फाइलमधून काढून टाकू.’

‘फाइलमधून नको,’ मी म्हटलं. ‘बोर्डावर लावला होता. बोर्डावरच लिहा, की मी रेघ जोडली नव्हती. मराठीत लिहा. मेमो इंग्रजीत होता म्हणून लोकांनी क्लार्ककडून ऐकलाय, आणि क्लार्कनं तो त्याच्या चवीनं सांगितलाय.’

‘बोर्ड अशा गोष्टींसाठी नसतो.’

चाचा म्हणाले, ‘लावताना हुता की.’

मालक त्यांच्यावर रागावले नाहीत, चाचांवर कुणी रागावत नसे. ते उठले आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता.

मी कागद उचलले. जाऊन बोर्डावर तिन्ही लावले, जिथे मेमो होता तिथेच. टाचण्या क्लार्कच्या टेबलावरून घेतल्या, त्याला न विचारता. खाली माझ्या हाताच्या अक्षरांत लिहिलं: फ्लॉपी तीच. हात मशीनचा. चौथी बाजू तुटक होती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडनं ते वाचलं. चाचा एकेकाला भिंग देऊन उभे होते, जत्रेत काहीतरी दाखवतात तसे. वेल्डिंगचा एक माणूस मला येऊन म्हणाला, ‘वैनी, मला वाटलंच व्हतं.’ त्याला काही वाटलं नव्हतं. आठवडाभर तोच मला जिभेवरून टोमणे मारत होता. मी त्याला तसं सांगितलं, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

दुपारनंतर कागद काढलेले होते. कुणी काढले ते कळलं नाही. मेमो फाइलमधून गेला म्हणतात, मी पाहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला कायमचं पत्र मिळालं, मालकांनी स्वतः हातात दिलं, पेढा दिला, आणि जणू आमच्यात कधी काही झालंच नव्हतं असं हसले. मी पत्र घेतलं. पेढा टेबलावर ठेवला.

‘चूक झाली’ हे दोन शब्द त्या माणसांपैकी एकानंही मला म्हटले नाहीत. इंजिनियर पुढे दुसरीकडे गेला, जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही, अगदी गोड. नवरा म्हणायचा, आता सोड, झाली ना कायम. नोकरी मिळाली ती मी जिद्दीनं मिळवली असं आता घरचे नातवंडांना सांगतात, आणि ते ऐकलं की मला परत तो संताप येतो. मला नोकरीसाठी काही सिद्ध करायचं नव्हतं. माझा हात काय करतो हे मला माहीत असतं, एवढंच त्यांनी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, शेडमध्ये, पत्र्याच्या आवाजात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.